कुवेतच्या वेळेवर तळेवाडी

शेषेराव सोनकांबळे यांना बावीस वर्षांच्या नोकरीत पहिली कारणे दाखवा नोटीस आली ती एका टँकरमुळे. टँकरचा गुन्हा असा होता की तो निघण्याआधी पोचत होता.

नोटिशीत तसं स्वच्छ लिहिलं होतं. तळेवाडीचा टँकर विहिरीवरून भरून निघाला नऊ वाजून तेहेतीस मिनिटांनी, आणि तळेवाडीत पोचला नऊ वाजून दहा मिनिटांनी. एकदा नाही, सलग सतरा दिवस हेच. कधी वीस मिनिटं आधी, कधी पंचवीस. ‘सदर बाब कशी घडली याचा खुलासा चोवीस तासांत सादर करावा. अन्यथा सदर खेपा झाल्याच नाहीत असे समजून तळेवाडीचा टँकर बंद करण्यात येईल.’

शेषेरावांनी नोटीस तीनदा वाचली आणि प्रत्येक वेळी चष्मा पुसला. तालुक्याचं नाव इथं सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून त्याच खुर्च्यांवर आहेत. मुखेडच्या रस्त्यावरचा, लातूर जिल्ह्याच्या अगदी टोकाचा तालुका, एवढं पुरे. सन दोन हजार सोळाचा मार्च होता. विहिरींनी तळ दाखवला होता आणि लातूर शहराला आगगाडीनं पाणी आणायच्या गोष्टी चालल्या होत्या. शेषेराव तहसिलीत टंचाई शाखेचे अव्वल कारकून. चौतीस गावांचे टँकर त्यांच्या हातात. त्या महिन्यापासून टँकर भरला की विहिरीवरचा माणूस लॅपटॉपवर नोंद करायचा, गावात पोचला की ग्रामपंचायतीतल्या कॉम्प्युटरवर दुसरी नोंद व्हायची, आणि रोज संध्याकाळी वरच्या कार्यालयातलं यंत्र दोन्ही वेळा ताडून बघायचं. त्या यंत्रानं हा चमत्कार पकडला होता.

तळेवाडीला दुसरं पाणी नव्हतं. गावाला नावापुरतं तळं होतं, त्यात पोरं क्रिकेट खेळत. टँकर बंद झाला तर साडेसातशे माणसं काय पिणार, हा विचार मनात येताच शेषेरावांच्या तोंडचं पाणी पळालं.

सल्ले मात्र मुबलक मिळाले. शेजारच्या टेबलावरच्या निवृत्ती नावाच्या कारकुनानं सांगितलं की खुलाशात फक्त ‘नजरचुकीने’ हा शब्द घालावा; त्या शब्दानं त्याच्या आजवर चार नोटिसा जिरल्या होत्या. शेषेराव राहत त्या कॉलनीचे अध्यक्ष भगवानराव, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, त्यांनी अंगणात खडूनं पृथ्वी काढली आणि तळेवाडी पश्चिमेला असल्यानं तिथं सूर्य उशिरा उगवतो, त्यामुळं हे होणारच, असं समजावलं. किती अंतरावर किती फरक पडतो हे विचारल्यावर त्यांनी पृथ्वी पायानं पुसली. शेषेरावांच्या पत्नी पंचशीलाबाई झेडपीच्या शाळेत शिकवत. त्यांचं म्हणणं असं की टँकर लवकर पोचतो याबद्दल नोटीस काढणारं हे जगातलं पहिलंच सरकार असावं.

दुसऱ्या दिवशी शेषेराव स्कूटर काढून विहिरीवर गेले. तिथला किशन, पन्नाशीचा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला माणूस. त्याचा लॅपटॉप तीन मिनिटं पुढं होता. परतीची एसटी चुकू नये म्हणून आपणच तसा लावलाय, हे त्यानं अभिमानानं सांगितलं. तीन मिनिटांनी नोटीस येत नसते. शेषेराव तळेवाडीला गेले.

तळेवाडीच्या सरपंच सरजाबाई. साठीला आलेल्या, बोलणं थोडं आणि तेही समोरच्याच्या डोळ्यांत बघून. त्यांची सून चांगुणा ग्रामपंचायतीचा कॉम्प्युटर सांभाळायची. शेषेरावांनी आत पाऊल टाकलं तेव्हा बाहेर उन्हाचा रट्टा होता, साडेदहा वाजले होते, आणि पडद्यावर वाजले होते आठ.

“त्याचं तसंच हाय साहेब,” चांगुणा म्हणाली. “आमी त्याच्याकडं बघतच न्हाई.”

शेषेरावांनी कोपऱ्यातल्या घड्याळावर दाबलं. एक यादी उघडली. यादीत जगातले सगळे देश होते आणि त्यांतल्या एकावर खूण होती. त्यांनी नाव वाचलं, मागं सरकले आणि खुर्ची नसलेल्या जागी बसले.

कॉम्प्युटर कुवेतमध्ये होता.

म्हणजे होता तळेवाडीतच, पण वेळ कुवेतची दाखवत होता, आपल्यापेक्षा अडीच तास मागची. बसवायला आलेला माणूस घाईत होता. यादीत जे पहिल्यांदा हाताला लागलं ते दाबून तो जेवायला गेला होता. शेषेराव स्वतः हैदराबादच्या पलीकडं कधी गेलेले नव्हते आणि त्यांच्या अखत्यारीतली एक ग्रामपंचायत दोन वर्षं अरबस्तानात नांदत होती. या धक्क्यानं त्यांना दुसरं काही सुचेना. अडीच तासांत किशनची तीन मिनिटं मिळवली आणि नोटिशीतली तेवीस काढली तर काय उरतं, एवढी साधी वजाबाकी त्या दिवशी त्यांनी केली नाही. तिच्याकडं आपण नंतर येऊ.

खुलाशात त्यांनी खरं ते लिहिलं. निवृत्तीनं हात जोडून विनवलं की कुवेत लिहू नका, ‘तांत्रिक’ लिहा. पण शेषेरावांची मान ताठ होती. बावीस वर्षांत डाग नव्हता. तो पुसायचा तर पुरा पुसायचा.

सरकारी कागदात परदेश आला की कागद धावतो. तीन दिवसांत वरून आदेश आला. टँकर चालू राहील. परंतु तालुक्यातील सर्व चौतीस गावे व सर्व विहिरींवरील संगणकांची वेळ सेकंदापर्यंत एकसारखी करून तसे प्रमाणपत्र शेषेराव सोनकांबळे यांनी आपल्या सहीने द्यावे. तोवर संगणकावरील नोंदी बंद. खेपांना साध्या कागदावर सरपंचाची सही घ्यावी, वेळ लिहू नये.

वेळ एकसारखी करायची तर कुणासारखी, हा प्रश्न शेषेरावांना पडला. तहसीलदारांच्या दालनातलं घड्याळ आणि बाहेरच्या पट्टेवाल्याच्या डोक्यावरचं घड्याळ यांत सहा मिनिटांचं अंतर होतं. बसस्थानकातलं घड्याळ सव्वाचारला थांबलेलं. पोलीस ठाण्यातला टोल ड्यूटीवरच्या माणसाच्या जेवणाप्रमाणं पडायचा. शेषेरावांच्या मनगटावर लग्नातलं घड्याळ होतं आणि आयुष्यभर त्यांनी ते बरोबर धरलं होतं. रेडिओच्या बातम्यांशी लावून बघितलं तर ते चार मिनिटं मागं निघालं. म्हणजे लग्नापासून आपण चार मिनिटं उशिरा जगतोय, असं त्यांना वाटलं.

शेवटी त्यांनी वर पत्र टाकलं: कार्यालयीन अधिकृत वेळ कोणती समजावी? त्या वर्षी नवा जिल्हा होणार अशी जोरदार हवा होती. चहाच्या टपरीवर रोज संध्याकाळी तालुका या जिल्ह्यातून त्या जिल्ह्यात जायचा आणि सकाळपर्यंत परत यायचा. त्या हवेचा फायदा वरच्या कुणीतरी घेतला. उत्तर आलं: ‘नवीन जिल्हा निर्मितीबाबत निर्णय अपेक्षित असल्याने, योग्य वेळेचा प्रश्न त्यानंतर योग्य वेळी विचारात घेता येईल.’

शेषेरावांनी हे उत्तर पंचशीलाबाईंना वाचून दाखवलं. त्या वह्या तपासत होत्या. त्यांनी ‘योग्य वेळ’ दोनदा आलंय म्हणून एकाखाली लाल रेघ मारली.

वाट दाखवली ती मन्मथअप्पा स्वामी यांनी. अप्पांनी तीस वर्षं बसस्थानकासमोर घड्याळं दुरुस्त केली होती. मोबाइल आले आणि लोकांनी घड्याळं बांधायची सोडली, तेव्हा अप्पांनी त्याच टपरीवर कॉम्प्युटर उघडायला सुरुवात केली. अजूनही ते कॉम्प्युटरचं पोट डोळ्याला भिंग लावूनच बघत. त्यांनी शेषेरावांना बसवलं, चहा सांगितला आणि समजावलं की हातानं वेळ लावून काही होत नाही. प्रत्येक यंत्राचं घड्याळ रोज थोडं घसरतं, उन्हानं जास्त. म्हणून यंत्रानं ठरावीक वेळानं आपल्यापेक्षा मोठ्या यंत्राला विचारायचं असतं, किती वाजले. त्यानं त्याच्याहून मोठ्याला. असं करत करत सगळ्यात वर दिल्लीला एक घड्याळ असतं, ते अणूंवर चालतं, ते कुणाला विचारत नाही.

“अन् विचारायला जायला, उत्तर यायला जो येळ लागतो,” अप्पा म्हणाले, “तोबी मोजून निम्मा धरत्यात.”

शेषेराव थरारले. गावानं तालुक्याला विचारायचं, तालुक्यानं वर विचारायचं, आणि उत्तराला लागणारा उशीर आधीच हिशोबात धरलेला. याहून शुद्ध कारभार त्यांनी नोकरीत पाहिला नव्हता. त्यांनी तिथल्या तिथं ठरवलं की टंचाई शाखेतलं, त्यांच्या टेबलावरचं यंत्र हे तालुक्याचं वडीलधारं यंत्र होईल.

दहा दिवस अप्पा आणि शेषेराव स्कूटरवरून गावोगाव फिरले. कुवेतचा एकच निघाला, पण एक गाव ब्राझीलमध्ये सापडलं आणि एका गावात कॉम्प्युटरच्या जागी शिलाई मशीन होती, तिथला कॉम्प्युटर शोधून परत आणावा लागला. अकराव्या दिवशी चौतीस गावं आणि सगळ्या विहिरी तालुक्याला वेळ विचारू लागल्या.

या यशाचा पहिला फटका घरातच बसला. कचेरीतलं अंगठ्याचं हजेरी मशीनही त्याच जाळ्यात होतं. ते चौदा मिनिटं मागं चालायचं आणि सगळा स्टाफ त्या चौदा मिनिटांवर सुखानं संसार करत होता. घड्याळ बरोबर झालं त्या सकाळी सत्तावीसपैकी तेवीस माणसं उशिरा आलेली निघाली, त्यांत तहसीलदारही. निवृत्तीची अर्धी रजा गेली. त्या दिवसापासून शेषेरावांच्या टेबलावर चहा येईना. कँटीनवाला वरमून म्हणाला की त्याला तसं सांगण्यात आलंय.

दुसरा फटका अप्पांनी आधी सांगून ठेवला होता. वडीलधाऱ्या यंत्राच्या पोटातला बटणाएवढा सेल मेला होता. वीज गेली की यंत्र सगळं विसरणार. शेषेरावांनी सेलची मागणी केली. मागणीला तीन दरपत्रकं लागत होती. दोन आली. तिसरं उदगीरहून यायचं होतं. तेवढ्यात शनिवारी रोहित्र जळालं.

सोमवारी सकाळी वीज आली, तालुक्याच्या आतलं जाळं आलं, बाहेरचं इंटरनेट आलं नाही. वडीलधारं यंत्र दोन दिवसांच्या झोपेतून उठलं आणि त्याला जी तारीख आठवली ती त्यानं धरली: एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी. वर विचारायची सोय नव्हती. खालून मात्र चौतीस गावांनी अदबीनं विचारलं, काय वेळ झाली? त्यानं सांगितलं. गावांनी ऐकलं.

दुपारपर्यंत अख्खा तालुका ऐंशी सालात गेला. हजेरी मशीननं निवृत्तीला घेतलंच नाही. त्याचा जन्म त्र्याऐंशीचा. शेजारच्या खिडकीतून रहिवासाचे एक्केचाळीस दाखले बाहेर पडले, तहसीलदारांच्या सहीशिक्क्यासह, आणि एकाचंही लक्ष तारखेकडं गेलं नाही. लक्ष गेलं ते व्यंकटराव नावाच्या म्हाताऱ्याचं. आपला दाखला घेऊन ते परत खिडकीशी आले आणि चष्मा कपाळावर चढवून शांतपणे बोलू लागले.

“साहेब, लातूर जिल्हा झाला ब्याऐंशीला. त्याच्यासाठी आमी मोर्चे काढलाव, उपाशी बसलाव. अन् ह्यात तुमी ऐंशीलाच ‘जिल्हा लातूर’ लिहून देलाव. मंग आमी उगंच उपाशी मेलो म्हणा की.”

दाखला आत तहसीलदारांकडं गेला. तहसीलदारांनी दाखला हातात घेतला, स्वतःची सही ओळखली आणि पाणी मागितलं. अस्तित्वात नसलेल्या जिल्ह्याच्या नावानं त्यांनी एक्केचाळीस वेळा सही केली होती, तीही स्वतः दुसरीत असताना. दाखले परत गोळा करायला दोन तलाठी आणि एक कोतवाल चार दिवस फिरले.

मन्मथअप्पा तेवढे खूष होते. भिंग लावून त्यांनी चौतीस गावांच्या वेळा तपासल्या. “साल चुकलं आसंल,” ते म्हणाले, “पण मिळणी बगा. सेकंदाचा फरक न्हाई.” मग खिशातून एक सेल काढून त्यांनी यंत्रात बसवला आणि उदगीरच्या दरपत्रकाची वाट बघायचं काम निवृत्तीवर सोडलं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शेषेरावांनी प्रमाणपत्रावर सही केली. नोंदी पुन्हा कॉम्प्युटरवर सुरू झाल्या. वरच्या यंत्राची तक्रार आली नाही. टँकर निघाल्यानंतर पोचत होते, यंत्राला तेवढंच बघायचं होतं. तहसीलदारांनी ‘बरं झालं’ असं म्हटलं. खरं तर इथं कुणीही फाइल बंद केली असती.

पण एवढा जीव टाकून लावलेली वेळ कशी दिसते, ते बघायची हौस शेषेरावांना होती. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी यादी उघडली आणि बोट फिरवत बसले. बाकीची गावं तीस मिनिटं, चाळीस मिनिटं. तळेवाडी: निघाला नऊ पाचला, पोचला सव्वाअकराला. आदल्या दिवशी, दोन तास आठ मिनिटं. त्याच्या आदल्या दिवशी, दोन तास अकरा.

विहिरीपासून तळेवाडी एकोणीस किलोमीटर.

त्यांना वाटलं, पुन्हा कुवेत. चांगुणाला फोन केला. तिनं वेळ वाचून दाखवली, सेकंदाला बरोबर. मग त्यांनी कागद घेतला आणि ती पहिल्या दिवशीची वजाबाकी मांडली. कुवेतचे दीडशे आणि किशनचे तीन. त्यातून नोटिशीतले तेवीस वजा केले. उरले एकशे तीस. दोन तास दहा मिनिटं. टँकर पहिल्यापासून एवढाच वेळ घेत होता. चुकीच्या घड्याळांनी तो झाकून ठेवला होता.

कुणाला न सांगता ते दुसऱ्या सकाळी विहिरीच्या वळणावर स्कूटर लावून उभे राहिले. टँकर भरून निघाला. ड्रायव्हर संगप्पा, देगलूरकडचा, मोकळा माणूस. टँकर रस्त्याला लागला, तालुक्याच्या गावाजवळ आला, तळेवाडीचा फाटा सोडून डावीकडं वळला. शेषेराव मागोमाग. डाळ मिल गेली, पोस्ट गेलं. पुढची गल्ली शेषेरावांना इतकी ओळखीची होती की गिअर आपोआप बदलला गेला.

टँकर त्यांच्याच कॉलनीच्या मागं उभा राहिला. बनियनवर भगवानराव गुरुजी बाहेर आले, पाइप सराईतपणे कॉलनीच्या हौदात सोडला आणि ओट्यावर बसून पेपर उघडला.

शेषेराव स्कूटर लावून पुढं गेले. संगप्पानं त्यांना बघितलं आणि हसून सलाम केला. पळण्याचा त्याचा काही विचार दिसला नाही. शेषेरावांनी त्याला विचारलं, हे कुणाच्या हुकमानं.

“तुमच्याच की साहेब,” संगप्पा म्हणाला. “जानेवारीपासून तुमच्याच नावानं चालू हाय. गुरुजी म्हनले, साहेबांचं सांगनं हाय, अर्धा हिथं.”

भगवानरावांनी पेपर घडी केला. ते रागावले नाहीत, लाजलेही नाहीत. त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं की नगरपालिकेचं पाणी पंधरा दिवसांतून एकदा येतं आणि कॉलनीला मात्र रोज मिळतं, याचं कारण शेषेरावांनी कधी विचारलं नव्हतं. त्यावरून त्यांची मूक संमती आहे असंच सगळे धरून चालले. “तुमच्या अंगणातला मोगरा बहरलाय, सोनकांबळे,” ते म्हणाले. “तो कशावर, असं वाटलं तुम्हाला?”

शेषेरावांनी स्कूटर तिथंच सोडली. ते घरात गेले. पंचशीलाबाई शाळेला निघाल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. त्यांच्या हातात पाण्याची बाटली होती, ती त्यांनी हळूच टेबलावर ठेवली.

“आपण ते कूलरमध्ये ओतलं,” त्या म्हणाल्या. “रोज दोन बादल्या.”

त्या दिवशी त्या शाळेत वेळेवर पोचल्या नाहीत. शेवटी पंचशीलाबाईंनी विचारलं की आता काय लिहिणार. निवृत्ती असता तर म्हणाला असता, ‘नजरचुकीने’. आणि एका अर्थी ते खरंही होतं. नजर चुकलीच होती, तीन महिने, रोज सकाळी नळ सोडताना. पण शेषेरावांनी अहवाल लिहिला तो असा: तळेवाडीचे निम्मे पाणी जानेवारीपासून या ठिकाणी उतरवण्यात आले, लाभार्थी सोळा घरे, घर क्रमांक सात शेषेराव सोनकांबळे, अव्वल कारकून, टंचाई शाखा.

तहसीलदारांनी वाचलं. सातवं घर गाळता येणार नाही का, असं त्यांनी विचारलं. दाखल्यांच्या भानगडीत हा माणूस आपल्यावर काही येऊ न देता उभा राहिला होता, हे त्यांच्या लक्षात होतं. शेषेराव म्हणाले, गाळलं तर उरलेली पंधरा घरं म्हणतील, साहेबानं स्वतःचं तेवढं लपवलं. तहसीलदारांनी अहवाल वर पाठवला.

पुढचं सगळं रीतसर झालं. टँकरचा ठेकेदार बदलला. भगवानरावांनी अध्यक्षपद सोडलं, आणि कॉलनीनं शेषेरावांशी बोलणं. हौद कोरडा पडला, मोगरा आठवड्यात वाळला. शेषेरावांच्या सेवापुस्तकात ठपका नोंदला गेला आणि बदली शिरूर अनंतपाळला झाली. पंचशीलाबाईंनी बदलीचा कागद बघून एवढंच विचारलं की तिथलं घड्याळ कोण बघतं.

जाण्याआधी शेषेराव एकदा तळेवाडीला गेले. नव्या टँकरची पहिली खेप होती. नऊ बेचाळीसला, निघाल्यापासून सदतिसाव्या मिनिटाला, तो पारापाशी लागला. बायकांनी रोजच्याप्रमाणं पिंपं, घागरी, कळश्या रांगेत लावल्या होत्या. पाइप पहिल्या पिंपात पडला, मग दुसऱ्या. कुणी भांडत नव्हतं. इतक्या दिवसांत कुणाचं किती हे ठरून गेलं होतं. शेवटची कळशी भरली. ड्रायव्हरनं पाइप हातात धरला आणि पुढच्या भांड्याची वाट बघू लागला.

पुढं भांडंच नव्हतं. आणि पाइपातून पाणी येतच होतं.

बायका बघत राहिल्या. सरजाबाई टँकरपाशी गेल्या, वरच्या अंगाला हात लावून थंडावा कुठवर आहे ते चाचपलं. हात अर्ध्यावर थांबला.

“अर्धा भरल्याला हाय आजून,” त्या म्हणाल्या. “आता कशात घ्यावं गं?”

मग एकदम धावपळ उडाली. कुणी परात आणली, कुणी पोराच्या अंघोळीचं टप, कुणी शाळेतली बादली, कुणी ज्वारी ओतून मोकळा केलेला डबा. शेषेराव इस्त्रीच्या शर्टात बाजूला उभे होते. सरजाबाईंनी एक पितळी पातेलं त्यांच्या हातात कोंबलं.

“उभं काय ऱ्हायलाव साहेब,” त्या म्हणाल्या. “धरा की.”

शेषेरावांनी पातेलं पाइपाखाली धरलं. ते जड होत गेलं, काठाशी आलं, आणि पाणी त्यांच्या मनगटावरून घड्याळात शिरलं. त्यांनी हात हलवला नाही.